चार्जशीट गेलं, मग आरोप कधी ठेवले?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. एकाच मारामारीच्या बातमीत एका पेपरात 'दोषारोपपत्र', दुसऱ्यात 'आरोपपत्र', आणि वकीलसाहेब म्हणतात 'चार्जशीट'. पुढे कधीतरी बातमी येते, 'आरोप निश्चित'. आरोप आत्ता निश्चित झाले, तर आधीचं ते पत्र कसलं होतं?

पहिले तिन्ही शब्द एकाच कागदाचे. पोलिसांच्या लेखी ते दोषारोपपत्र; पेपरवाल्यांनी 'दोष' गाळून आरोपपत्र केलं. कसबा बावड्याच्या कोर्टात मात्र वकील, हवालदार, पक्षकार सगळे चार्जशीटच म्हणतात, आणि ते 'जातं': "चार्जशीट गेलं काय हो?" कायद्याच्या कलमात यातला एकही शब्द नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७३ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३, दोन्हीकडे तो तपास संपल्यावर पोलिसांनी कोर्टाला पाठवायचा साधा अहवाल आहे. सोबत फिर्याद, पंचनामे, साक्षीदारांचे जबाब, मुद्देमालाची यादी.

घोळ 'दोष' या अक्षरांनी होतो. आरोप म्हणजे वर ठेवणं, चढवणं; रोपण त्याच धातूतलं. म्हणून तर मराठीत आरोप 'ठेवतात'. दोषारोप म्हणजे दोष कुणीतरी ठेवला, एवढंच. तो सिद्ध झाला असं नव्हे. पण चौकात निकाल लागलेला असतो: "चार्जशीट आलंय म्हंजे संपला की विषय!" (जाता जाता: 'आरोपी' हा शब्द आरोप करणाऱ्याला शोभला असता, मराठीने तो ज्याच्यावर आरोप आहे त्याला चिकटवला, आणि आता तोच बरोबर.)

पोलिसांचे कागद वाचून, दोन्ही बाजू ऐकून कोर्टाला तथ्य वाटलं तर कोर्ट स्वतः दोषारोप ठेवतं, आरोपीला वाचून दाखवतं आणि विचारतं, गुन्हा कबूल आहे का? हीच 'आरोप निश्चिती'. तथ्य वाटलं नाही तर माणूस इथेच आरोपमुक्त होतो. खटला चालून सुटला, तर निर्दोष. चार्जशीट आणि आरोप निश्चिती या दोन टप्प्यांमध्ये किती काळ जाऊ शकतो, हे कोल्हापूरला सांगायला नको. गोविंद पानसरे यांच्यावर फेब्रुवारी २०१५ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या. पहिलं दोषारोपपत्र त्याच वर्षीच्या डिसेंबरात गेलं; पुढे आणखी आरोपी आणि पुरवणी दोषारोपपत्रं आली, आणि आरोप निश्चित झाले जानेवारी २०२३ मध्ये.

पोलिसांना मात्र एक मुदत सांभाळावीच लागते. आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्याच्या शिक्षेप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत चार्जशीट गेलं पाहिजे. नाही गेलं, तर जामीन हा त्याचा हक्क होतो, गुन्हा कितीही गंभीर असो. मुदत भरत आली की ठाण्यात कागद जुळवायची घाई उडते ती यासाठी.

तर वापराचं काय? मला आरोपपत्र चालतं, चार्जशीटही चालतं. खटकतो तो 'दोषारोप दाखल' हा मथळा, कारण दाखल पत्र होतं. दोषारोप ठेवायचा की नाही, हे कोर्टाने अजून ठरवायचं असतं.

शिवाय पोलिसांचा अहवाल दर वेळी आरोपाचाच असतो असंही नाही. आपल्याकडे समरी, म्हणजे प्रकरण बंद करावं असा अहवाल, पाठवायची पद्धत आहे. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही. 'ब' म्हणजे फिर्याद खोडसाळपणे खोटी. 'क' म्हणजे गैरसमजातून किंवा मुळात दिवाणी वादातून झालेली फिर्याद. तेव्हा तुम्ही फिर्यादी असाल तर ठाण्यात नुसतं "चार्जशीट गेलं का?" विचारू नका, "चार्जशीट की समरी?" असं विचारा. समरी मंजूर करून प्रकरण बंद करण्याआधी कोर्टाने फिर्यादीचं म्हणणं ऐकायचं असतं. भगवंत सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच तसं सांगितलंय.