झीमध्ये प्रवर्तकांकडे चारच टक्के, मग स्कायसारखा लिलाव का झाला नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: झी एंटरटेनमेंटमध्ये प्रवर्तकांकडे, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या चंद्रा कुटुंबाकडे, जेमतेम चार टक्के शेअर असताना बाहेरचं कुणी कंपनी विकत का घेत नाही? ब्रिटनमध्ये स्काय या टीव्ही कंपनीसाठी दोन बड्या कंपन्या भिडल्या आणि भागधारकांचं भलं झालं, तसं इथे का नाही? आणि तुमच्याकडच्या 250 शेअरचं काय करायचं?

2017 च्या दिवाळीत पाचशेच्या वरच्या भावात घेतलेले 400 शेअर माझ्याकडे आजही आहेत, त्यामुळे ही सगळी लढाई मी आतून पाहिली आहे. माझं मत आधीच सांगते. स्कायची लढाई भावावर झाली, झीची खुर्चीवर. भावावर लढाई झाली की पैसे भागधारकाच्या खिशात येतात. खुर्चीवर झाली की ती कोर्टात जाते आणि भागधारक तारखा मोजत बसतो.

आधी स्काय. माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीकडे स्कायचे 39 टक्के शेअर होते आणि उरलेले त्यांना हवे होते. 2010 साली त्यांनी शेअरला 700 पेन्स (म्हणजे 7 पौंड) देऊ केले, स्कायच्या स्वतंत्र संचालकांनी 800 च्या वर बोला म्हणून सांगितलं. मग मर्डॉक यांच्याच वृत्तपत्राचं फोन हॅकिंगचं प्रकरण पेटलं आणि जुलै 2011 मध्ये त्यांना माघार घ्यावी लागली. डिसेंबर 2016 मध्ये फॉक्स या आपल्याच कंपनीच्या नावाने ते परत आले, या वेळी भाव होता 10.75 पौंड. पण एकाच घराण्याच्या हाती इतकी माध्यमं जाणं बरं का, ही चौकशी तिथल्या सरकारने लावली आणि वर्ष त्यातच गेलं. त्या वर्षाने भागधारकांचं नशीब उघडलं. कारण फेब्रुवारी 2018 मध्ये अमेरिकेतली केबल कंपनी कॉमकास्ट 12.50 पौंड घेऊन दारात उभी राहिली. जुलैमध्ये फॉक्सने 14 केले, तर त्याच दिवशी कॉमकास्टने 14.75.

आता हे कुठवर चालणार? तिथे टेकओव्हर पॅनेल नावाची संस्था आहे. तिने सांगितलं, शनिवार 22 सप्टेंबरला लिलाव, तीन फेऱ्या, विषय संपला. पहिल्या फेरीत ज्याचा भाव कमी त्या फॉक्सने बोली वाढवायची, दुसरीत कॉमकास्टने, आणि तरीही मिटलं नाही तर तिसरीत दोघांनी एकमेकांचा आकडा न पाहता आपापला शेवटचा आकडा द्यायचा. संध्याकाळी निकाल लागला: फॉक्स 15.67, कॉमकास्ट 17.28. काही दिवसांतच फॉक्सने आपले 39 टक्केसुद्धा कॉमकास्टला विकून टाकले. 10.75 ला ज्याचा शेअर जाणार होता, त्याला एकवीस महिने थांबल्यावर साठ टक्के जास्त मिळाले. कॉमकास्टला मात्र ही खरेदी महागात पडली. 2022 मध्ये त्यांनी स्कायच्या किमतीतले 8.6 अब्ज डॉलर हिशेबातून कमी केले. लढाईत भाव चढतो तो घेणाऱ्याच्या खिशातून, हेही ध्यानात असू द्या.

आता आपल्याकडे या.

2018 पर्यंत सुभाष चंद्रा यांच्या कुटुंबाकडे झीचे चाळीस टक्क्यांच्या वर शेअर होते. त्यातले बरेच गहाण होते, कारण समूहाने रस्ते आणि पायाभूत सुविधांच्या कामांसाठी मोठी कर्जं काढली होती. 25 जानेवारी 2019 ला, शुक्रवारी, शेअर एका दिवसात चौथ्या हिश्श्याहून जास्त कोसळला. त्याच दिवशी चंद्रांचं जाहीर पत्र आलं, धनकोंची माफी मागणारं. पायाभूत सुविधांमध्ये चुकलो, व्हिडिओकॉनचा डीटीएच व्यवसाय घेण्यात चुकलो, असं त्यांनी स्वतःच लिहिलं. कर्ज फेडायला शेअर विकत विकत वर्षअखेर हिस्सा चार टक्क्यांच्या आसपास आला आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडलं. चिरंजीव पुनीत गोयंका मात्र व्यवस्थापकीय संचालक राहिले. धंदा उत्तम, वाहिन्या घराघरांत आणि मालकी विखुरलेली. पुढचं सगळं या परिस्थितीतून आलं.

त्या वेळी ज्यांनी शेअर घेतले त्यांत इन्व्हेस्को हा अमेरिकन फंड होता. 2021 पर्यंत त्याच्याकडे जवळपास 18 टक्के जमले होते. 11 सप्टेंबर 2021 ला त्यांनी पत्र दिलं: विशेष सभा बोलवा, गोयंकांना संचालक मंडळावरून काढा, आमचे सहा स्वतंत्र संचालक घ्या. कंपनी कायद्याच्या कलम 100 प्रमाणे दहा टक्केवाल्याला अशी सभा मागता येते.

इथे नीट बघा. इन्व्हेस्कोने "तुमचे शेअर अमुक भावाने घेतो" असं तुम्हा-आम्हाला कधीच म्हटलं नाही. सेबी या बाजार नियामकाच्या नियमाने 25 टक्क्यांची रेघ ओलांडली की बाकीच्यांना ओपन ऑफर द्यावी लागते, म्हणजे त्यांचे शेअर जाहीर भावाने घ्यायची तयारी दाखवावी लागते, आणखी 26 टक्क्यांसाठी. 18 टक्क्यांवर बसून मंडळ बदलायला निघालेल्याला ती द्यावी लागत नाही. आणि हल्ला परतवायला कंपनीने अकरा दिवसांत जो सोनीचा करार जाहीर केला, तो विलीनीकरणाचा. कंपनी लवादाकडून (एनसीएलटी) मंजूर होणाऱ्या विलीनीकरणाला ओपन ऑफरची अट लागत नाही. म्हणजे सोनी निम्म्याहून जास्त मालक होणार (अंतिम आकडे असे: सोनी 50.86, प्रवर्तक 3.99, बाकी आपण सगळे), आणि आपल्या हातात रोख एक रुपया नाही, नव्या कंपनीचे शेअर फक्त. दोन्ही बाजूंनी भाव लावण्याची वेळच टळली.

एनडीटीव्हीत बघा, तिथे रेघ ओलांडली गेली म्हणून अदानींना ओपन ऑफर द्यावी लागली, 294 रुपयांची. पुढे संस्थापकांना 342.65 मिळाले तेव्हा ओपन ऑफरमध्ये शेअर दिलेल्यांनाही वरचे 48.65 पोचले. नियम लागू झाला की लहान माणसालाही मिळतं ते असं.

तिसरा खेळाडूही होता. ऑक्टोबर 2021 मध्ये रिलायन्सने जाहीर केलं की इन्व्हेस्कोने आमची आणि गोयंकांची भेट घालून दिली होती, आमच्या माध्यम कंपन्या झीमध्ये विलीन करायचा प्रस्ताव होता. मोडलं कशावर? संस्थापक कुटुंबाला वॉरंट (ठरलेल्या भावात कंपनीकडून नवे शेअर घेण्याचा हक्क) घेऊन हिस्सा वाढवायचा होता आणि इन्व्हेस्कोचं म्हणणं होतं की वाढवायचाच तर बाजारातून घ्या. मतभेद दिसल्यावर आम्ही जबरदस्तीच्या सौद्यात पडत नाही म्हणून रिलायन्स बाजूला झाली. स्कायच्या गोष्टीत कॉमकास्ट जिथे आत शिरली, नेमक्या त्याच जागी आपल्याकडचा बोली लावू शकणारा बाहेर पडला. मला विचाराल तर सगळ्यात मोठं नुकसान त्या दिवशी झालं. हा वॉरंटचा मुद्दा लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

कोर्टाचं भराभर सांगते. ऑक्टोबर 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी इन्व्हेस्कोला सभेपासून रोखलं, मार्च 2022 मध्ये खंडपीठाने तो मनाई हुकूम उठवला, आणि दोनच दिवसांत इन्व्हेस्कोने सोनीचा करार बरा म्हणत मागणी सोडली. जिंकून सोडली! पुढे त्यांनी शेअरही विकले. भागधारकांनी विलीनीकरणाला जवळजवळ एकमताने होकार दिला, लवादाची मंजुरी ऑगस्ट 2023 मध्ये आली. मधल्या काळात सेबीने गोयंकांना संचालकपदावरून दूर ठेवणारा अंतरिम आदेश काढला, तो अपील न्यायाधिकरणाने ऑक्टोबरमध्ये रद्द केला. नव्या कंपनीचा प्रमुख कोण, यावर दोघांचं जुळेना, अशा बातम्या तेव्हा रोज येत होत्या. पुन्हा खुर्चीच.

22 जानेवारी 2024, सोमवार. अयोध्येच्या सोहळ्यामुळे बाजार बंद होता. दुपारी फोनवर बातमी आली, अटी पूर्ण झाल्या नाहीत म्हणून सोनीने करार मोडला. बाजार बंद, म्हणजे विकायचं म्हटलं तरी विकता येत नाही. मंगळवारी सकाळी सव्वानऊला मी टर्मिनलसमोर बसले तेव्हा पडद्यावर फक्त विकणाऱ्यांची रांग होती. दिवसभरात शेअर 30 टक्क्यांहून जास्त पडला. संध्याकाळी आई नेहमीसारखी झी मराठी लावून बसली होती (ती अजून जुन्या नावाने "अल्फा"च म्हणते), आणि तिने विचारलं, "म्हणजे आता आपल्या मालिका बंद होणार का?" मी म्हटलं नाही. पण मनात आलं, दोन वर्षं व्यवस्थापनाचं सगळं लक्ष एका सौद्यात अडकलेलं होतं, त्याची किंमत पडद्यावरसुद्धा कुठेतरी दिसतेच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिलायन्स आणि डिस्ने स्टार एकत्र आले, 70 हजार कोटींच्या वर मूल्य असलेली कंपनी उभी राहिली आणि झी तिच्यासमोर एकटी उरली.

आता तुमच्या हातातलं. 28 नोव्हेंबर 2024 च्या वार्षिक सभेत गोयंकांना पुन्हा संचालक नेमण्याचा ठराव पडला. बाजूने साडेएकोणपन्नास टक्के, विरोधात साडेपन्नासच्या जवळ. इतक्या थोडक्यात! ते मुख्य कार्यकारी अधिकारी राहिले, पण मंडळावर नाहीत. मग जुलै 2025 मध्ये वॉरंट परत आले: प्रवर्तकांना 132 रुपयांप्रमाणे 16.95 कोटी वॉरंट, एकूण 2,237 कोटी रुपये, हिस्सा चारवरून 18 टक्क्यांच्या पुढे. हा विशेष ठराव, म्हणजे 75 टक्के मतं हवीत. मिळाली साडेएकोणसाठ.

मी विरोधात मत दिलं. कंपनीत नवा पैसा यायला हवा हे मला पटत होतं, आणि प्रवर्तकांचा स्वतःचा पैसा धंद्यात असणं वाईट नाही, हेही. पण जवळजवळ आठ वर्षांत ज्या शेअरने मला इतकं पोळलं, तो तळाशी असताना मोठा वाटा एकाच घराला आणि आमच्या हिश्श्यात घट, हे मनाला पटेना. बाजारातून घ्या, मी टाळ्या वाजवीन.

लिलाव पुढे होईल का? कुणी 25 ची रेघ ओलांडेपर्यंत किंवा कंपनीचा ताबा घेईपर्यंत कुणालाही भाव सांगण्याची सक्ती नाही, त्यामुळे त्या आशेवर शेअर धरून ठेवू नका. वाहिन्यांचा धंदा पटत असेल तरच ठेवा. आणि ठेवणार असाल तर सभेच्या नोटिशीचा ईमेल शोधा, बहुतेक जाहिरातींच्या फोल्डरमध्ये पडलेला असतो. कट-ऑफ तारखेला शेअर तुमच्या डिमॅटमध्ये असले की 250 मतं तुमची. डिपॉझिटरीच्या (जिच्याकडे तुमचे डिमॅट शेअर असतात ती संस्था) साइटवर लॉगिन करा, ओटीपी टाका, ठरावासमोर होय किंवा नाही निवडा. खिडकी साधारण तीन दिवस उघडी असते, आणि एकदा कन्फर्म दाबलं की मत बदलता येत नाही, म्हणून ठरावाखालचं स्पष्टीकरण आधी वाचा. त्यात प्रवर्तकांचा हिस्सा आधी किती आणि नंतर किती याचा तक्ता असतो, मी सगळ्यात आधी तोच उघडते.