सिफ्रची ऑफर आलीय? सही करायच्या आधी

तू विचारलंस: एमटेक संपत आलंय, फ्रान्समधल्या ग्रेनोब्लची एक कंपनी 'सिफ्र'मधून पीएचडी देतेय, पगार बरा आहे, घेऊ का? मी इथेच, याच योजनेतून पीएचडी केली. घे. पण पगार सगळ्यात शेवटी बघ.

सिफ्र ही फ्रान्स सरकारची 1981 पासूनची योजना. कंपनी तुला 3 वर्षं नोकरीवर ठेवते, तू विद्यापीठाच्या डॉक्टरल स्कूलमध्ये नाव घालतोस आणि एएनआरटी ही संस्था मंत्रालयातर्फे कंपनीला अनुदान देते. माझ्या वेळी वर्षाला 14,000 युरो होतं. म्हणजे तू विद्यार्थी आणि नोकरदारही. (गावाकडे 'शिकतोय की कमावतोय?' याचं उत्तर मला शेवटपर्यंत नीट देता आलं नाही.) ऑफरमधला आकडा 'ब्रूत', म्हणजे कपातीआधीचा असतो. त्यातला पाचवा हिस्सा तरी कपातीत जातो, वर आयकर.

अर्ज कंपनी करते, मग एएनआरटी विषय तज्ज्ञांकडून तपासून घेते. याला दोन-तीन महिने धर. प्रयोगशाळा 'झेडआरआर' असेल, म्हणजे आत जायला सरकारी परवानगी लागत असेल, तर तुझी सुरक्षा-तपासणी वेगळी. सेमीकंडक्टरच्या कामात हे होऊ शकतं. ती होईपर्यंत दारातून आत घेत नाहीत, तेव्हा पुण्यातली खोली सोडायची घाई नको.

आता खरी गोम. कंपनी आणि प्रयोगशाळा यांच्यात एक सहकार्य करार होतो. शोध कुणाचा, पेपर कधी छापायचा, सगळं त्यात ठरतं. तू रुजू झालास तरी त्याची घासाघीस चालूच असू शकते. माझी गाडी तिथेच अडली. दुसऱ्या वर्षी चांगला निकाल हाती आला, पेपर लिहून तयार होता, आणि कंपनीचा पेटंट विभाग म्हणाला, थांब. त्यात चूक काहीच नव्हती: युरोपात पेटंटच्या अर्जाआधी परिषदेत एक पोस्टर लागलं तरी तो शोध 'नवा' उरत नाही. पण अर्ज टाकायला त्यांनी अकरा महिने घेतले, आणि इकडे डॉक्टरल स्कूल विचारतंय, पेपर कुठाय? कंपनीने किती दिवसांत उत्तर द्यायचं, हे करारात कुणी लिहिलंच नव्हतं. म्हणून प्रयोगशाळेतल्या गाइडला आजच मेल टाक: पेपरचा मसुदा दिल्यावर ठरावीक मुदतीत हरकत आली नाही तर होकार समजायचा, असं कलम आहे का?

कुठे किती दिवस बसायचं तेही लेखी घे. माझ्या गळ्यात दोन बिल्ले असायचे, आणि सोमवारची मीटिंग दोन्हीकडे दहाला. शिवाय कंपनीतला गाइड नोकरी सोडू शकतो. माझे दोन बदलले. त्या कंपनीतला आधीचा सिफ्रवाला गाठ आणि फोनवर बोल. मेलवर कुणी खरं लिहीत नाही.

व्हिसाचं कंपनीच्या एचआरला आणि डॉक्टरल स्कूलला एकाच मेलमध्ये विचार, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

फ्रेंच? प्रयोगशाळेत इंग्रजीवर भागतं. कंपनीच्या कँटीनमध्ये नाही, आणि तुझ्या प्रोजेक्टचं निम्मं राजकारण त्याच टेबलावर, चीज आणि कॉफीच्या मधे उरकतं.