स्पॅनिशमध्ये एका क्रियापदाची सहा रूपं का? वर्तमानकाळ पाठच होत नाही. इंग्रजीसारखं सोपं का नाही?

इंग्रजीशी तुलना वाचली आणि राहवलं नाही, म्हणून लिहितेय. बोलते, बोलतेस, बोलते, बोलतो, बोलता, बोलतात. ही रूपं तुम्ही शाळेत जायच्या आधीपासून बिनचूक वापरताय. मग स्पॅनिश शिकताना मध्ये इंग्रजी कशाला?

पुण्यात ज्या क्लासला मी जायचे, तिथे यावरूनच वाद झाला होता. मॅडम 'यो आब्लो, तू आब्लास, एल आब्ला' (मी बोलते, तू बोलतेस, तो बोलतो) असा तक्ता लिहून घ्यायच्या आणि वाक्यात सर्वनाम गाळलं की वहीत लाल रेघ मारायच्या. मी म्हटलं, "मॅडम, शेवटच्या 'ओ'वरूनच कळतंय की कोण बोलतंय. आपणही नुसतं 'येतेस का?' विचारतो." सगळ्यांसमोर उत्तर मिळालं, "मराठी बाहेर ठेवून यायचं." शेजारी मराठी माध्यमातला एक मुलगा बसायचा, आधीच बिचकत बोलणारा. त्यानंतर त्याने वर्गात तोंड उघडलं नाही. त्या प्रकाराचा राग मला अजून आहे.

पुढे नोकरीत मेक्सिकोच्या लोकांशी रोज फोनवर बोलणं सुरू झालं. ते 'यो' कधी लावतात? 'तो नाही, मी' असं ठासून सांगायचं असेल तेव्हा. अगदी आपल्यासारखं! उलट त्यांचं सोपंच आहे, बाई असो की पुरुष, 'आब्लो'च.

तर आब्लार (बोलणं) मधला 'आर' काढा आणि ओ, आस, आ, आमोस, आइस, आन लावा. कोमेर (खाणं) मधला 'एर' काढून ओ, एस, ए, एमोस, एइस, एन. बिबिर (राहणं) कोमेरसारखंच चालतं, फक्त 'आम्ही'ला बिबिमोस आणि 'तुम्ही'ला बिबीस. हे अनेकांना म्हणायच्या 'तुम्ही'चं रूप स्पेनमधलं. लॅटिन अमेरिकेत 'उस्तेदेस आब्लान' म्हणतात, त्यामुळे तिकडच्यासाठी शिकत असाल तर ते नुसतं ओळखता आलं तरी पुरे.

हो, 'आब्ला' हे तो, ती आणि आदरार्थी 'उस्तेद' या तिघांनाही लागतं. तिथे घोळ होणार असेल तर सर्वनाम ठेवा. आणि आघाताच्या बाबतीत मराठी कामाला येत नाही: 'आब्लो'त पहिल्या अक्षरावर जोर दिला तर 'मी बोलते', शेवटच्यावर दिला तर 'तो बोलला'. हे कानानेच शिकावं लागतं.

तक्ता सर्वनामांशिवाय म्हणा, शेजारी मराठी रूपं लिहून. आणि तुमच्या क्लासमध्ये मराठीतून शंका विचारायला बंदी असेल, तर क्लास बदला.