नर्स एवढं जड काम कमी पगारात करायला तयार होतील का?

करतात, पण मान्य असतं म्हणून नाही, नाइलाज असतो म्हणून. घरचे हप्ते, मुलांच्या फिया आणि मुख्य म्हणजे समोरचा पेशंट तसाच टाकून जाववत नाही. बारा तासांची नाइट, त्यात अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं नाहीतर पाठीला जखमा होतात, ते करेपर्यंत शेजारच्या बेडची सलाईन संपत आलेली, तिसऱ्याचे नातेवाईक दारात उभे, आणि औषधाचा डोस चुकला तर जबाबदारी हिचीच. एवढ्या कामाला नुसतं 'सेवा' म्हणायचं आणि पगार कमी द्यायचा हे मला अजिबात पटत नाही, डॉक्टरला असं कोणी म्हणतं का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या रिपोर्टमध्ये जगभरात सुमारे ५९ लाख नर्स कमी आहेत असं होतं, आणि या कामात ९० टक्क्यांच्या आसपास बायकाच असल्याचंही त्यात होतं. बायकांचं काम म्हटलं की ते स्वस्तातच धरायचं, ही सवय फार जुनी.

सहन होईनासं झालं की त्या परदेशी जातात, कामच सोडतात नाहीतर संपावर जातात. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२२ ला हजारो नर्स पगारवाढीसाठी संपावर गेल्या, तेव्हासुद्धा केमोथेरपी, डायलिसिस, आयसीयू यांना संपातून वगळलं होतं, पेशंटला त्यांनी वाऱ्यावर सोडलं नाही.