मडगावला दीड वर्ष वकिली करते आहे, झोप उडाली आहे. वकिली सोडून द्यावी का?

तुम्ही लिहिले आहे की मडगावला एका ज्येष्ठ वकिलांकडे दीड वर्षापासून ज्युनियर आहात, हाताशी बहुतेक इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याची, आणि थोडी फौजदारी प्रकरणे आहेत, रात्री तीनला जाग येते ती येतेच, आणि अशिलांच्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत म्हणून घरीही काही सांगता येत नाही. म्हापसा, पणजी आणि पर्वरी मिळून माझी बावीस वर्षे या व्यवसायात गेली. तुमच्या प्रश्नातला हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड न करण्याचे बंधन १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १२६ मध्ये होते, ते आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आले आहे. तपास अधिकारी थेट वकिलांनाच समन्स पाठवू लागले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी याच कलमाच्या आधारे त्यांना आवर घातला. परंतु हे संरक्षण अशिलाने सांगितलेल्या गोष्टीला आहे, आणि तुमची उडालेली झोप ही काही अशिलाने सांगितलेली गोष्ट नव्हे. आपल्यातले पुष्कळ जण अशिलाच्या गुपिताबरोबर स्वतःची अवस्थाही त्याच कपाटात ठेवून देतात आणि त्याला व्यावसायिक शिस्त म्हणतात. मीही म्हणत असे.

वकिलीच्या अकराव्या वर्षी बार्देशातल्या एका घराच्या इन्व्हेंटरीत मी थोरल्या भावाचा वकील होतो. ही पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून चालत आलेली पद्धत आहे, आणि २०१२ च्या गोव्याच्या उत्तराधिकार कायद्यातही ती कायम आहे. वारसांची यादी, मालमत्तेची यादी, मूल्यांकन हे सगळे झाल्यावर वारस आपसांत बोली लावतात आणि जो मालमत्ता घेतो त्याने इतरांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे द्यायचे असतात. भाऊ परदेशी असल्याने त्याचा मुखत्यार बोली वाढवत होता. समोर धाकटी बहीण होती, जिने त्याच घरात राहून आईचे शेवटपर्यंत केले होते. प्रत्येक बोलीला ती मूल्यांकनाच्या कागदाची घडी घालत होती आणि पुन्हा उलगडत होती. शेवटी ती हळूच "पुरे" म्हणाली. घर माझ्या अशिलाला मिळाले. पुढच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तीच बाई मला भेटली आणि माझ्या मुलीची चौकशी करून गेली. मोठ्या शहरातला वकील विरुद्ध पक्षाला बहुधा न्यायालयातच पाहतो, आपल्याकडे तो जत्रेला, लग्नाला आणि फेस्ताला भेटत राहतो. रात्री तीनला जाग येण्याचा प्रकार त्या आठवड्यात सुरू झाला, आणि प्रकरण अशिलाचे आहे या सबबीखाली मी आठ महिने कोणाजवळही बोललो नाही. त्या आठ महिन्यांत एका दाव्यात कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल करण्याची तारीख डायरीत माझ्याच अक्षरात लिहिलेली असूनही मला दिसली नाही, आणि विलंब माफीचा अर्ज करून भर न्यायालयात ऐकून घ्यावे लागले. थकव्याची किंमत शेवटी अशिलालाच मोजावी लागते, हे मला त्या दिवशी कळले.

मग मी डॉक्टरांकडे गेलो. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी कांदोळीच्या अबे फारियाचा, म्हणजे संमोहनाच्या आद्य अभ्यासकाचा पुतळा आहे. पाहुणे आले की आपण त्यांना तो अभिमानाने दाखवतो, आणि स्वतः मानसोपचारतज्ज्ञाकडे जायची वेळ आली की गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावतो. मीही तशीच लावली होती. वकिलीच्या सनदेवर परिणाम होईल ही भीती तुमच्याही मनात असेल, पण ती निराधार आहे. वकील कायद्याच्या कलम २४-अ मध्ये नोंदणीसाठी ज्या अपात्रता दिल्या आहेत त्या मुख्यतः गुन्ह्याच्या शिक्षेविषयी आहेत, त्यांत उपचार घेणे कोठेही बसत नाही. उलट मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम २३ ने उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क केला आहे. बांबोळीची मानसोपचार संस्था सरकारी आहे, आणि तिथवर जायला धीर होत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनाशुल्क चालतो. अशिलाचे नाव, गाव, दाव्याचा क्रमांक यांतले काहीही न सांगता स्वतःविषयी सगळे बोलता येते. तीन वेळा गेल्यावर मला त्याची सवय झाली.

झोपेसाठी म्हणून संध्याकाळी ग्लास हातात घेऊ नका, एवढे मात्र निक्षून सांगतो. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १२,८०० वकिलांच्या पाहणीत २८ टक्के जणांमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली होती, आणि घातक मद्यपानाचे प्रमाण व्यवसायाच्या पहिल्या दहा वर्षांतच सर्वाधिक होते. आपल्याकडे तर दारू स्वस्त आहे आणि दुकान दर वळणावर आहे.

तुमच्या पिढीवरचा भार आमच्यापेक्षा वेगळा आहे, हे मान्य केले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, पण त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच लागू असल्यामुळे फसवणुकीच्या कलमाला सकाळी एका न्यायालयात ४२० आणि दुपारी दुसऱ्यात ३१८ म्हणावे लागते. फौजदारीत तीस वर्षे काढलेले वकीलही सध्या कलमांचा तक्ता खिशात ठेवून उभे राहतात, तेव्हा आकडा चुकला म्हणून रात्र जाळू नका. मानधनाबाबत बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरला शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असे सुचवले आहे. ती केवळ शिफारस आहे, त्यामुळे हक्क म्हणून मागता येत नाही, मात्र सिनियरांशी बोलताना आधार म्हणून पुढे ठेवता येते. त्याच बैठकीत रात्री आठनंतर अशिलांचे फोन कोणी घ्यायचे हेही ठरवून घ्या. एकाच आठवड्यात दोन इन्व्हेंटरींच्या बोली लागल्या तर एक दुसऱ्या सहकाऱ्याकडे द्यावी, अशी विनंती करण्यातही गैर काही नाही.

आता सोडण्याविषयी. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली, आणि ती तात्पुरत्या नोंदणीच्या दिवसापासून मोजली जाते. म्हणजे तुमची निम्मी मुदत भरली आहे. या अटीमुळे ज्युनियर मुले सिनियरांपुढे अधिकच दबून राहतात, कारण प्रमाणपत्र त्यांच्याच हातात आहे असा समज आहे. प्रत्यक्षात त्या न्यायालयातल्या किमान दहा वर्षे वकिली केलेल्या कोणत्याही वकिलाचे, प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याने पृष्ठांकित केलेले प्रमाणपत्र चालते. म्हणून कार्यालय बदलणे आणि व्यवसाय सोडणे हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. पहिल्याचे उत्तर या महिन्यातही देता येईल. दुसऱ्याचे उत्तर डॉक्टरांना भेटून, महिनाभर सलग झोप लागू लागल्यावर, शक्यतो मे महिन्याच्या सुट्टीत द्यावे.