कॅनच्या वायरींना हात लावण्याआधी

कॅन म्हणजे गाडीतले छोटे कंप्युटर, म्हणजे मॉड्यूल, ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात ती लाइन. स्कॅनरने 'कम्युनिकेशन नाही' दाखवलं की लगेच ईसीयू, म्हणजे गाडीचा मुख्य कंप्युटर, बदलायला निघू नकोस. आधी मल्टीमीटर काढ. बॅटरीची निगेटिव्ह सोड, पाचेक मिनिटं थांब आणि ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतो) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोज. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून ६० च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर कुठेतरी वायर तुटलीय किंवा एक रेझिस्टर गेलाय. शून्याजवळ आलं तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. मध्ये गेटवे (वेगवेगळ्या लाइनी जोडणारं मॉड्यूल) असलेल्या गाड्यांत मात्र हे आकडे फसवतात, तिथे वायरिंग डायग्राम बघितल्याशिवाय बोलायचं नाही.

जोड देताना खरी परीक्षा. या वायरींना पीळ उगाच दिलेला नसतो. बाहेरचा नॉइज, म्हणजे विजेचा नको असलेला गोंधळ, दोघींवर जवळपास सारखाच पडतो, आणि मॉड्यूल फक्त दोघींमधला फरक वाचतं, म्हणून तो आपोआप गळतो. तेव्हा पीळ कमीत कमी उलगड, दोन जोड पुढेमागे दे, वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढव. नुसती वायर वळून टेप गुंडाळलीस तर पहिल्या पावसात गाडी परत दारात. हे मी स्वतःच्या खिशातून भरून शिकलोय. आणि हो, टेस्ट लॅम्प इथे अजिबात लावू नकोस.