बारावी आर्ट्स मराठी माध्यमातून केली, आता जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षाला आहे. मेडिकलचे इंग्रजी शब्द पाठच होत नाहीत. काय करू?

मीही मराठी माध्यमातूनच जीएनएम केलं, आता आयसीयूत स्टाफ नर्स आहे. यातले बहुतेक शब्द मुळात ग्रीक-लॅटिन आहेत. त्यामुळे 'कोलेसिस्टेक्टॉमी' पहिल्यांदा ऐकल्यावर कॉन्व्हेंटमधली मुलगीही तुमच्याइतकीच गडबडते. तिला स्पेलिंगची भीती वाटत नाही, एवढाच काय तो फरक.

आपण शाळेत समासाचा विग्रह घोटला, तो इथे कामाला येतो. तत्पुरुषात शेवटचं पद महत्त्वाचं, तसंच इथेही शब्द शेपटीकडून सोडवायचा. एक्टॉमी म्हणजे काढून टाकणं, सिस्ट म्हणजे पिशवी, कोले म्हणजे पित्त. झाली पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया! आयटिस म्हणजे दाह, एमिया म्हणजे रक्तातलं, युरिया म्हणजे लघवीतलं (शेतातला युरिया वेगळा). अशा पंचवीस-तीस शेपट्या पक्क्या झाल्या की वॉर्डातले निम्मेअधिक शब्द आपोआप उलगडतात.

ऑटॉमी, ऑस्टॉमी आणि एक्टॉमी या तिघी मात्र नीट वेगळ्या करा. ऑटॉमी म्हणजे छेद घेणं, ऑस्टॉमी म्हणजे तोंड उघडून ठेवणं. कोलेक्टॉमीत मोठं आतडं किंवा त्याचा भाग काढलेला असतो. कोलोस्टॉमीत आतड्याचं तोंड पोटावर आणलेलं असतं, म्हणजे तिथे पिशवी लावायची, भोवतालची त्वचा बघायची, आणि हे काम आपलंच. हँडओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून पेशंटची माहिती घेताना, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर पूर्ण शिफ्टचं कामच बदलतं.

तसंच हायपरकॅलेमिया आणि हायपरकॅल्सेमिया. पहिल्यात रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं असतं, दुसऱ्यात कॅल्शियम. पोटॅशियमचं लॅटिन नाव कॅलियम, म्हणून तर शाळेत त्याचं चिन्ह 'के' शिकवलं. सोडियमचं नेट्रियम, म्हणून 'एनए' आणि म्हणून हायपोनेट्रेमिया, म्हणजे रक्तातलं सोडियम कमी होणं. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, तेव्हा फोनवर रिपोर्ट ऐकताना हे दोन शब्द परत विचारून घ्या. कोणी हसलं तर हसू दे.

आणखी एक गोंधळ सगळ्यांचा होतो. मूत्रपिंडाच्या धमनीला रीनल आर्टरी म्हणतात, मग त्याच्या दाहाला नेफ्रायटिस का? शरीररचनेची नावं बरीचशी लॅटिन, आजारांची बरीचशी ग्रीक. दोन्ही शब्द एकाच अवयवाचे. फुप्फुसाचंही तेच: पल्मनरी आणि न्यूमो. एका अवयवापुढे दोन्ही नावं लिहून ठेवा.

गाईडमधल्या याद्या पाठ करत बसू नका. त्या परीक्षेनंतर उडून जातात, माझ्या तरी गेल्या. त्यापेक्षा ड्युटीवर केसपेपरवरचं एक डायग्नोसिस घ्या (शब्दच उतरवा, पेशंटचं नाव नको), तोडा, मग त्या पेशंटकडे बघा. जॉन्डिसने पिवळे झालेले डोळे एकदा पाहिले की बिलिरुबिन (तो पिवळेपणा आणणारं रक्तातलं द्रव्य) विसरत नाही. उच्चार सुरुवातीला देवनागरीत लिहिला तरी चालेल, पण स्पेलिंग शेजारी हवंच, कारण न्यूमोनियातला 'पी' ऐकू येत नाही.

बीडी, टीडीएस, एचएस ही डोसची अक्षरंही लॅटिनचीच: दिवसातून दोनदा, तीनदा, झोपताना. एसओएस म्हणजे गरज पडली तर. ओडी म्हणजे आपल्याकडे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या कागदांवर तेच ओडी उजव्या डोळ्यासाठी असतं. शंका आली की इनचार्ज सिस्टरना विचारा, अंदाज नको.

पार्किन्सन, अल्झायमर अशी माणसांवरून पडलेली नावं तुटत नाहीत, ती पाठच करावी लागतात. औषधांच्या जेनेरिक नावांना मात्र पुन्हा शेपट्या आहेत. एनालाप्रिल, रामिप्रिल या 'प्रिल'वाल्या गोळ्या बीपीच्या, आणि त्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. मग डॉक्टर बऱ्याचदा 'सार्टन'वाली देतात, टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन.